रॅलीचा फोटो, उसना आकडा आणि उशिरा आलेले मेल: तंबाखू नियंत्रण आणि मीडिया, तुमचे प्रश्न

विकसनशील देशांत तंबाखूविरोधी काम करणाऱ्या छोट्या संस्थांचे मेल येतात आणि निम्म्यांत तोच गोंधळ असतो, लोकांना जागं करणं आणि मीडिया अ‍ॅडव्होकसी, म्हणजे बातमीच्या जोरावर निर्णय घेणाऱ्याला हलवणं, हे एकच समजण्याचा, त्यामुळे परत एकदा लिहितोय. पाठवणाऱ्यांची नावं काढून टाकलीत.

प्रश्न: दरवर्षी ३१ मेला, तंबाखूविरोधी दिनाला, आम्ही रॅली काढतो, पेपरात फोटोही येतो. हीच मीडिया अ‍ॅडव्होकसी ना?

नाही. ती जनजागृती झाली, तीसुद्धा बहुतेक फोटोत उभ्या असलेल्यांचीच. जनजागृती सिगारेट ओढणाऱ्याला सांगते की बाबा सोड. मीडिया अ‍ॅडव्होकसीत बातमी एकाच माणसासाठी असते, ज्याच्या सहीने कर वाढतो, जाहिरात बंद होते नाहीतर पाकिटावरचं चित्र मोठं होतं, आणि बाकीचे हजारो लोक ती वाचतायत हे त्याला दिसतं म्हणून तो ती मनावर घेतो. रॅलीच्या आधी एका कागदावर लिहा: कुठला निर्णय हवाय, कोणाकडून, कधीपर्यंत. तो कागद भरता येत नसेल तर रॅली राहू दे.

प्रश्न: प्रेस नोट पाठवतो, कोणी छापत नाही. काय चुकतं?

तुमच्यापैकी एकाने नोट जोडलीय म्हणून सांगता येतं. पहिल्या दोन परिच्छेदांत पाहुण्यांची नावं आणि पदं, तिसऱ्यात संस्था कधी स्थापन झाली ते, आणि कॅन्सर हा शब्द सातव्या परिच्छेदात. रात्री डेस्कवर बसलेला उपसंपादक तिथवर पोचणारच नाही. आकड्याचंही तसंच. जगात तंबाखूमुळे वर्षाला ७० लाखांहून जास्त माणसं मरतात, पण एवढा मोठा आकडा डोळ्यांवरून घसरून जातो. तोच दिवसाचा केला तर १९ हजार होतात आणि मिनिटाचा केला तर १३. तुमच्या देशाचा आकडा घ्या, असाच भागा, पहिल्या ओळीत टाका. पण पाठवायच्या आधी आकडेवारी कळणाऱ्या एका माणसाला दाखवा, कारण एक शून्य जास्त पडलं तर कंपनीचा माणूस पुढची १० वर्षं तेच दाखवत फिरेल.

प्रश्न: एक सिगारेट कंपनी शाळांमध्ये 'मुलांनी धूम्रपान करू नये' कार्यक्रमासाठी पैसे देतेय. चांगल्या कामाला घ्यावेत का?

नाही. 'हे मोठ्यांसाठी आहे' असं १४ वर्षांच्या मुलाला सांगणं ही जाहिरातच झाली, आणि वर कंपनीला तुमच्या संस्थेचं नाव फुकट वापरायला मिळतं. आधीच घेतले असतील तर वकील आणि ऑडिटरशी बोलून परत करा.

प्रश्न: बजेटच्या आधी दरवेळी बातमी येते की कर वाढवला तर स्मगलिंग वाढेल, आत्ताच इतके टक्के सिगारेटी बेकायदा आहेत. पत्रकार आमची प्रतिक्रिया मागतात. आम्हीही ऐकलंय की ते खरंच असतं, म्हणून गप्प बसतो.

कुठे ऐकलंत? त्याच बातमीत ना? आणि बातमीवाल्याने कुठे ऐकलं? मूळ रिपोर्ट मिळवा आणि पहिल्यांदा पैसे कोणी दिले ते शोधा, बऱ्याचदा सिगारेट उद्योगच निघतो. मग मोजलं कसं ते बघा. बहुतेकदा रस्त्यावरची, कचऱ्यातली रिकामी पाकिटं गोळा करून त्यातली बेकायदा किती ते मोजतात. पद्धत वाईट नाही, पण पाकिटं कुठल्या शहरांतून उचलली, सीमेजवळून की आतून, किती उचलली, हे सांगितलंच नसेल तर टक्का हवा तसा काढता येतो. १९६९ मध्ये एका अमेरिकन सिगारेट कंपनीच्या अंतर्गत टिपणात चक्क लिहिलं होतं की शंका हाच आमचा माल आहे. तो माल अजून विकला जातोय आणि आपले पत्रकार त्याची फुकट डिलिव्हरी करतायत. चिडतो मी या विषयावर, इलाज नाही.

कॅनडाचं बघा. स्मगलिंग फार वाढलं म्हणून तिथल्या सरकारने १९९४ मध्ये सिगारेटवरचा कर कमी केला, आणि २००८ मध्ये तिथल्याच दोन मोठ्या कंपन्यांनी त्या काळातल्या चोरट्या व्यापाराला हातभार लावल्याचा गुन्हा कोर्टात कबूल केला, दंड आणि भरपाई मिळून १ अब्ज डॉलरच्या वर रक्कम भरायचं मान्य केलं. कर कमी झाल्यावर त्या स्वस्त सिगारेटवर किती पोरं लागली असतील याचा विचार करा. उलटं उदाहरण फिलिपिन्सचं. तिथे २०१२ मध्ये कर जोरात वाढवला, आणि त्यासाठी भांडणाऱ्यांनी मीडियात हा कराचा कायदा आहे असं म्हटलंच नाही, आरोग्याचा कायदा म्हटलं, पैसा गरिबांच्या आरोग्य विम्यात जाणार हे परत परत सांगितलं. तंबाखू वापरणाऱ्या मोठ्या माणसांचं प्रमाण २००९ मध्ये ३० टक्क्यांच्या आसपास होतं, २०१५ मध्ये २४ च्या आसपास आलं.

म्हणून स्मगलिंग नसतंच असं म्हणू नका, असतं. ते सीमेवरच्या तपासणीवर, पाकिटावरच्या कराच्या स्टिकरवर आणि कोण किती लाच खातं त्यावर ठरतं, नुसत्या करावर नाही, हे म्हणा. किंमत १० टक्के वाढली की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत खप साधारण ५ टक्के उतरतो, हेही म्हणा. पण स्वतःच्या तोंडाने टक्के ठोकू नका, विद्यापीठातला एखादा अर्थतज्ज्ञ गाठा, कर खात्याकडून जप्तीचे आकडे मागवा. आणि हे सगळं एका पानावर, बजेटच्या दोन महिने आधी तयार पाहिजे, रिपोर्टरला फोन तुम्ही आधी करायचा. बातमी आल्यावर खुलासा पाठवणं म्हणजे वरातीमागून घोडं.

प्रश्न: पेशंटचा चेहरा दाखवला तर चालेल का?

लेखी संमती असेल तरच, आणि डॉक्टर बाजूला उभे असताना घेतलेली सही मी संमती धरत नाही. दोन दिवसांनी घरच्यांसमोर परत विचारा, पेशंट गेल्यावरही फोटो वापरायचा का तेही विचारा. आवाज गेलेल्या एका बाईंनी मला वहीत लिहून विचारलं होतं, 'मुलीला शाळेत कोणी हे दाखवलं तर?' आम्ही तो फोटो वापरला नाही. हॉस्पिटलच्या एथिक्स कमिटीशी बोलून ठरवा.

प्रश्न: कंपनीचं नाव घेतलं तर केस करतील का?

करतीलही. उरुग्वेने पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्याने व्यापला तर फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने २०१० मध्ये अख्ख्या देशाला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं. २०१६ मध्ये कंपनी हरली आणि उरुग्वेला खर्चापोटी ७० लाख डॉलर द्यायची वेळ तिच्यावर आली, पण त्या लढाईत उरुग्वेलाही बाहेरून पैशांची मदत घ्यावी लागली होती, तुमच्याकडे तर दोन माणसं आणि एक प्रिंटर आहे. प्रत्येक वाक्यामागे कागद हवा. आणि वकिलाने वाचल्याशिवाय पाठवायचं नाही.

प्रश्न: कायद्याच्या मसुद्यावर हरकती द्यायची मुदत परवा संपतेय. मीडियात आता काय करता येईल?

हा मेल दीड महिन्यापूर्वी यायला हवा होता. मीडिया आता सोडा. आज रात्री हरकत लिहा, सकाळी वकिलाला दाखवा, दुपारी जाऊन द्या आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.