पहिली मोटरसायकल आणि भीतीची वाटणी

मुलांचे परवान्याचे वय जवळ आले की पालक माझ्याकडे जो प्रश्न घेऊन येतात, त्याचे शब्द थोडेफार बदलतात, पण प्रश्न तोच असतो : "गाडी मागतोय. दिली तर आमचा जीव टांगणीला, नाही दिली तर घरात अबोला. काय करावे?" हा प्रश्न इतक्या वेळा कानावर आला आहे की एका कुटुंबाच्या निमित्ताने त्याचे उत्तर सविस्तर लिहावे असे वाटले. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि अनेक भेटींमधील बोलणे येथे थोडक्यात दिले आहे.

मुलाचे वय भरलेले होते, शिकाऊ परवाना हातात होता आणि वडिलांनी कमी ताकदीची, हलकी मोटरसायकल घेऊन देण्याची तयारी दाखवली होती. (वय भरले नसेल, तर उत्तर 'नाही' एवढेच आहे आणि त्यासाठी समुपदेशकाकडे येण्याची गरज नाही.) अडून बसली होती ती आई. पहिल्याच भेटीत ती म्हणाली, "मॅडम, त्याला काही होणार नाही एवढी खात्री मला हवी आहे, बाकी काही नको."

"ती खात्री कोण देऊ शकेल तुम्हाला?"

"कोणीच नाही. म्हणून तर नको म्हणतेय."

मुलगा खुर्चीत मागे रेलून हसत होता. "काही होत नाही हो. मित्राची चालवलीय मी. आई उगाच घाबरते."

मी ज्या विवेकनिष्ठ विचारसरणीने काम करते, तिचा पाया अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली घातला. माणसाला घटनेपेक्षाही घटनेविषयीचे त्याचे आग्रह अधिक छळतात, हे तिचे मुख्य सूत्र. त्या दृष्टीने पाहिले तर आई आणि मुलगा एकाच पद्धतीने विचार करत होते. काहीतरी होणारच, असे आईने ठरवून टाकले होते आणि काही होणारच नाही, असे मुलाने. आईच्या खात्रीच्या आग्रहावर आम्ही काही भेटी काम केले आणि तिची झोप थोडी सुधारली. ते काम नेहमीचे आहे, त्याविषयी अधिक लिहीत नाही. मला मात्र वेगळीच गोष्ट दिसू लागली होती. आई जितके अपघात वर्णन करी, तितका मुलगा अधिक निर्धास्त होई. तिचा आवाज चढला की हा आणखी मागे रेलायचा.

म्हणून पुढच्या भेटीत मी आईला सांगितले, "आज तुम्ही भीतीविषयी एक शब्दही बोलायचा नाही. तुम्हाला गाडी शिकायची आहे असे समजा आणि त्याला विचारा." मुलाला हा प्रकार गमतीचा वाटला. तो उत्साहाने सांगू लागला : क्लच पूर्ण दाबायचा, पहिला गिअर टाकायचा, मग थोडी रेस देत क्लच हळूहळू सोडायचा. सांगताना त्याच्या डाव्या हाताची बोटे हवेतच उघडत होती. ती अर्ध्यावर आली आणि थांबली.

"इथे गाडी पकड घेते," तो म्हणाला. "चढावर ती इथेच बंद पडते."

"मग?" आईने विचारले.

"मग मागचे हॉर्न वाजवतात. मी घाईत पुन्हा चालू करतो, क्लच एकदम सुटतो आणि गाडी उडी मारते." बोटे अजून तशीच अर्धवट उघडी होती. "तेव्हा मला भीती वाटते. पण ते तुला सांगितलं असतं तर तू गाडीचं नावच काढू दिलं नसतंस."

आईचे ओठ हलले; मी हाताने थांबण्याची खूण केली. तिने आवंढा गिळला आणि बऱ्याच वेळाने विचारले, "रहदारी नसलेला एखादा चढ आहे का, सरावाला?" इतक्या भेटींमध्ये ती प्रथमच 'का' सोडून 'कसे' विचारत होती. असे क्षण माझ्या व्यवसायात फार येत नाहीत आणि तो आपल्या खोलीत घडला याचे समाधान मी लपवत नाही.

त्या दिवशी मला जे उमगले ते असे : घरात भीतीचीही वाटणी होत असते. पालकांनी सगळी भीती स्वतःकडे घेतली तर मुलाच्या वाट्याला केवळ फुशारकी उरते. खरे तर नव्या चालकाला थोड्या भीतीची गरज असते, कारण चढ, ओला रस्ता, वळणावरची खडी यांची माहिती त्याला तीच देते. आपण घाबरणे कमी करावे ते मुलाला आपली भीती ओळखायला जागा मिळावी म्हणून. केवळ आपल्या मनःशांतीसाठी नव्हे.

ही जागा कशी द्यावी, हे पालक मला विचारतात. पहिले काही आठवडे रस्त्याऐवजी मोकळे मैदान निवडावे आणि तिथेही वेगाचा विचार न करता क्लचची पकड, हळू वळणे आणि ब्रेक यांचाच सराव करावा. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर जातो, त्यामुळे गाडी थांबवण्याचे बरेचसे काम पुढचा ब्रेक करतो. तो हिसक्याने न दाबता दाब वाढवत नेणे आणि मागच्या ब्रेकची साथ घेणे हे हाताला सवयीने येते, सांगून येत नाही. वेगाविषयी उपदेश करण्याऐवजी मुलासोबत हिशोब करावा. ताशी ३० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ८ मीटर पुढे जाते, ५० च्या वेगाने सुमारे १४. आणि समोरचे पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज जातो. या मुलाने ते अंतर मैदानात पावलांनी मोजले आणि घरी येऊन आईला आपणहून सांगितले.

हेल्मेट घातले की घाबरट वाटतो, अशी त्याची तक्रार होती. त्याला मी ह्यू केर्न्स या शल्यचिकित्सकाविषयी सांगितले. १९३५ साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स यांना मोटरसायकल अपघातात डोक्याला मार लागला, तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांत केर्न्स होते. रुग्ण वाचला नाही. पुढे केर्न्स यांनी लष्करातील मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ साली हेल्मेटची गरज मांडली. सैनिकांना ज्याची लाज वाटली नाही, त्याची आपल्याला का वाटावी, हा निष्कर्ष मुलाने स्वतः काढला. पट्टा हनुवटीखाली लावलेला असणे आणि हेल्मेट डोक्यावर सैल न फिरणे, एवढी पुस्ती मी जोडली.

मित्रांच्या बाबतीत मात्र मी तडजोड सुचवत नाही. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वाहन चालवण्याच्या संगणकीय खेळात किशोरांनी एकटे असताना घेतला त्यापेक्षा बराच अधिक धोका मित्रांसमोर पत्करला. प्रौढांमध्ये तसा फरक जवळपास दिसला नाही. म्हणून पहिले काही महिने डबलसीट बंद, हा नियम या घरात लेखी झाला. त्याच कागदावर आईनेही एक वाक्य लिहिले : "अंधार पडला, पाऊस आला किंवा मन धजावले नाही तर फोन कर, मी न बोलता न्यायला येईन." ते तिने पाळले. एकदा ती घ्यायला गेली, तेव्हा गाडी मित्राच्या घरी उभी करून दोघे रिक्षाने परत आले.

एका प्रकारच्या मुलांसाठी मात्र मी पालकांना थोडे थांबायला सांगते. 'गाडी चालवताना तुला सर्वांत अवघड काय वाटते?' असे विचारल्यावर ज्याला एकही गोष्ट सांगता येत नाही, त्याच्या हाती रस्त्यासाठी किल्ली देऊ नये. मैदानातला सराव चालू ठेवावा आणि तोच प्रश्न काही आठवड्यांनी पुन्हा विचारावा.