रविवारचा किल्ट आणि मुलीची आई

प्रश्न : ताई, नमस्कार. मी अंबडच्या एका कारखान्यात मेंटेनन्स इंजिनीअर आहे. लग्नानंतर कंपनीने काही काळ स्कॉटलंडला, ॲबरडीनमध्ये पाठवलं होतं. तिथे एका सहकाऱ्याच्या लग्नात सगळ्यांबरोबर मीही भाड्याने किल्ट घातला, म्हणजे तिथल्या पुरुषांचा कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा चुण्यांचा पोशाख. इतका आवडला की येताना एक विकतच घेऊन आलो. बायकोला तो अजिबात पसंत नव्हता, म्हणून संसार होता तोवर कपाटात पडून राहिला. पुढे संमतीने घटस्फोट झाला. मुलगी दहा वर्षांची आहे, आईकडे असते. दर रविवारी दिवसभर माझ्याकडे, असं कोर्टाच्या हुकूमनाम्यात लिहिलेलं आहे. आता सुटीच्या दिवशी मी किल्ट घालतो. मध्यंतरी मुलीला घेऊन पांडवलेणी चढलो. कुणीतरी फोटो काढून तिच्या आईला पाठवला. लगेच मेसेज आला, ‘असल्या घागऱ्यात तिला फिरवणार असशील तर रविवार विसर.’ तेव्हापासून मुलगी आलेली नाही. फोटो कोर्टात दाखवीन, असंही ती म्हणते. आणि मुलगी फोनवर म्हणाली, ‘बाबा, तू पँटच घाल ना.’ मी किल्ट सोडून द्यावा का?

— एक वडील, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : किल्ट सोडू नका. पण तुमच्या पत्रात दोन हरकती एका गाठोड्यात बांधल्या गेल्यात, त्या आधी वेगळ्या करा. मुलीच्या आईचं म्हणणं एक आहे, मुलीचं दुसरं. पहिल्याला ठाम उत्तर द्यायचं, दुसरं बसून ऐकायचं.

कोर्टाचं आधी उरकते, कारण तुमची झोप त्यानेच उडालेली दिसते. हुकूमनाम्यात नोंदलेला रविवार एका मेसेजने बंद होत नाही. तुमचा घटस्फोट हिंदू विवाह कायद्याखाली झाला असेल, तर कलम २६ प्रमाणे मुलांबाबतचा आदेश बदलता येतो, पण त्यासाठी अर्ज करून कोर्टाकडूनच बदलून घ्यावा लागतो. तिथे निकष एकच, मुलीचं हित. ती तुमच्याकडे सुरक्षित असते का, वेळेवर परत पोचते का, तुम्ही दारू पिऊन गाडी चालवता का, हे विचारलं जातं. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून मी अनेक वर्षं काढली. वडिलांनी काय नेसलं होतं एवढ्यावरून भेटी तुटलेल्या मी पाहिल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली यशिता साहू खटल्यात स्पष्टच म्हटलंय की मुलाला आई आणि वडील दोघांच्याही मायेचा हक्क आहे. जे रविवार बुडाले त्यांच्या तारखा लिहून ठेवा, मेसेज पुसू नका. वकिलाला भेटा, पण अर्ज टाकायची घाई करू नका. अजून बोलून सुटण्यासारखं आहे.

आता तिच्या आईचा राग. वेगळं झाल्यावर नवरा दाढी राखतो, बुलेट घेतो, कान टोचून घेतो. बायको केस कापते, नोकरी बदलते. करणाऱ्याला तो मोकळा श्वास वाटतो, पण समोरच्याला तो आपल्यावरचा टोमणा वाटतो. तुमचा किल्ट तिच्या शब्दाखातर कपाटात होता आणि ती घरातून गेल्यावर बाहेर आला. तिच्या डोळ्यांना त्या कापडात तुमचं मोडलेलं लग्न दिसतं. हे समजून घ्या, म्हणजे उत्तर देताना जीभ सैल सुटणार नाही. मात्र समजून घेणं म्हणजे परवानगी मागणं नव्हे. मुलीच्या शाळेबद्दल, तब्येतीबद्दल, येण्याजाण्याबद्दल बोलायचा तिला पूर्ण अधिकार आहे. तुमच्या कपड्यांवरचा तिचा अधिकार घटस्फोटाबरोबर संपला.

‘लोक काय म्हणतील’ हेही त्यात असणारच. रामकुंडावर पंचा गुंडाळलेल्या पुरुषांकडे कोणी वळून बघत नाही. त्र्यंबकला सोवळं नेसून पूजेला बसलेल्यांकडे नाही, धुळवडीला बाशिंग बांधून निघणाऱ्या दाजिबा वीरांपुढे तर आपण हात जोडतो. विनाविजारीचा पुरुष नाशिकला नवा नाही. नवीन आहेत त्या मागच्या चुण्या आणि चौकटीचं कापड. रोज दिसू लागलं की नजर सरावते. एक व्यवहाराची गोष्ट सांगते, कारण तिच्या आईची खरी भीती तीच असू शकते. किल्टच्या आत व्यवस्थित हाफ पँट घालत जा. लेण्यांच्या पायऱ्या चढताना मागून माणसं येत असतात, स्कूटरवर वारा असतो. समोरच्या पदराला लावायची पिन फक्त वरच्या थराला अडकवतात. तिच्या वजनाने तो थर थोडा खाली राहतो, पण तिच्यावर भरवसा ठेवून चालत नाही.

राहिली मुलगी, आणि मला काळजी तिचीच आहे. ‘पँटच घाल ना’ हे वाक्य तिचं की आईने पढवलेलं, हे शोधायला जाऊ नका. दहा वर्षांच्या मुलीला ते दोन्हीकडून खरं वाटू शकतं. फोटो वर्गातल्या कुणाच्या घरी पोचला का? व्हॅनमधलं कोणी हसलं का? हे विचारा, आणि ती सांगेल तेव्हा मध्ये समजावू नका, विनोद करू नका, ‘त्यांना काय कळतंय’ म्हणू नका. मग तिलाच ठरवू द्या, बाबांनी कुठे किल्ट घालावा आणि कुठे नको. शाळेचं फाटक, गॅदरिंग, मैत्रिणीचा वाढदिवस इथे तिने नको म्हटलं तर पँट घाला, कुरकुर न करता. सोमेश्वरला, गंगापूर धरणावर, तुमच्या स्वतःच्या घरी काय घालायचं हे तुमच्याकडे राहू द्या. हे दिल्याने तुम्ही हरत नाही. शाळेत उद्या तिला जायचंय, तुम्हाला नाही.

तिला त्या कपड्याची गोष्टही सांगा. कलोडनच्या लढाईत हायलँडचे, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, बंडखोर हरले, त्याच वर्षी, १७४६ मध्ये, ब्रिटिश संसदेने कायदा करून तिथल्या पुरुषांना किल्ट घालायला बंदी केली. सैन्यातल्यांना तेवढी सूट होती. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षं समुद्रापार हद्दपारी. १७८२ साली कायदा रद्द झाला. मुलांना अशा गोष्टी पटकन भिडतात, आणि व्हॅनमध्ये पुन्हा कोणी हसलं तर तिच्याकडे सांगायला काहीतरी असेल. आईविरुद्धचा मुद्दा म्हणून मात्र ही गोष्ट तिच्या हाती देऊ नका. तिच्या तोंडून आईला एकही निरोप जाता कामा नये.

तिच्या आईला तुम्ही स्वतः लिहा, थोडक्यात. ‘फोटोमुळे तुला त्रास झाला हे कळलं. शाळेच्या ठिकाणी मी किल्ट घालणार नाही, मुलीशी बोलून बाकीचं ठरवीन. रविवार ठरल्याप्रमाणे चालू राहू दे. दहाला घ्यायला येतो.’ याच्या पुढे एक ओळ नको. उत्तरात चार कडू शब्द आले तरी रविवारी दहाला जाऊन उभे राहा, त्या दिवशी पँट घालून. मुलगी खाली आली तर प्रश्न बहुतेक सुटला असं समजा. नाही आली, तर ती तारीखही वहीत लिहा आणि सोमवारी वकिलांना फोन करा.