संत्र्याची साल आणि पहाटेची कॉफी

प्रश्न : मी परिचारिका आहे, आलटून पालटून रातपाळी असते. संत्र्याच्या सालीतल्या नोबिलेटिनमुळे शरीराचं बिघडलेलं घड्याळ ताळ्यावर येतं, असं वाचलं. सोबतची एक जण द्राक्षांच्या सालीतल्या रेस्व्हेराट्रॉलच्या गोळ्या घे म्हणते. घेऊ का? पहाटे चारला कॉफी घेतल्याशिवाय माझी पाळी निभत नाही, तेवढं सोडलं तर आहार साधाच आहे.

उत्तर : ताई, ‘तेवढं सोडलं तर’ असं तुम्ही लिहिलंत, पण मी तेवढंच आधी धरणार आहे. माणसाच्या घड्याळाचे काटे हलवताना प्रत्यक्ष पाहिलेलं वनस्पतीजन्य द्रव्य म्हणजे कॅफीन, आणि ते तुम्ही पाळीच्या शेवटी पिता. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात झोपेच्या तीन तास आधी दुहेरी एस्प्रेसोइतकं कॅफीन दिलं, तेव्हा मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला कळवणारं संप्रेरक, वाढायची वेळ सुमारे ४० मिनिटांनी पुढे गेली. माणसं पाचच होती, हे खरं. पण पेशींवरच्या प्रयोगांतही कॅफीनने घड्याळाचा फेरा लांबलेला दिसला.

शिवाय रक्तातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आणखी जास्त. म्हणजे चारची कॉफी नऊला अंथरुणावर पडता तेव्हा निम्मी अंगातच असते. ती पाळीच्या सुरुवातीला घ्या. फार तर मध्यरात्रीपर्यंत.

आता नोबिलेटिन. ते घड्याळाच्या यंत्रणेतल्या ‘रोर’ नावाच्या ग्राहक (संदेश टिपणाऱ्या) प्रथिनांना चेतवतं. २०१६ सालच्या प्रयोगात चरबीयुक्त खाणं दिलेल्या उंदरांची वजनवाढ त्याने रोखली. ज्या उंदरांचं घड्याळाचं जनुकच बिघडवलेलं होतं, त्यांच्यात मात्र हा फायदा जवळजवळ दिसला नाही. म्हणजे औषध घड्याळामार्फतच काम करतं. पुरावा म्हणून हे फार देखणं आहे, मला स्वतःला आवडलेलं. पण ते शुद्ध द्रव्य होतं आणि खाणारे उंदीर होते. अशी बातमी वाचकांपर्यंत पोचेस्तोवर तिच्यातला उंदीर कुठेतरी गळून पडतो! साल चघळून तेवढी मात्रा पोटात जाणार नाही.

रेस्व्हेराट्रॉलचंही तसंच. घड्याळाच्या प्रथिनांशी जोडलेल्या ‘सर्ट-१’ या विकराशी त्याचं नाव जोडलं जातं, पण तोंडाने घेतलेलं बरंचसं आतडं आणि यकृत लगेच बदलून टाकतात; मूळ रूपात रक्तात फारच थोडं पोचतं. त्यावर पैसे घालवू नका.

तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र सांगतो. मेंदूतलं मुख्य घड्याळ, म्हणजे डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या लगेच वर असलेल्या सुमारे २०,००० चेतापेशी, उजेडावर चालतं. यकृताचं घड्याळ जेवणाच्या वेळेवर. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठाने २०१७ साली दहा पुरुषांची जेवणं पाच तास उशिरा केली, तर रक्तशर्करेची लय साडेपाच तासांहून जास्त सरकली आणि मेलाटोनिन जागचं हललं नाही. एकाच शरीरात दोन वेगवेगळ्या वेळा! २०२१ साली बोस्टनमध्ये कृत्रिम रातपाळी लावून पाहिलं : रात्री जेवणाऱ्यांची साखर वाढली, दिवसाच जेवणाऱ्यांची नाही. म्हणून पाळीवर जाण्याआधी पोटभर जेवा, रात्री लागलंच तर थोडंसं काहीतरी, आणि घरी आल्यावर खोलीत अंधार करून झोपा.

संत्रं खुशाल खा. फक्त ग्रेपफ्रूटचं, म्हणजे संत्र्याच्याच जातकुळीतल्या त्या मोठ्या फळाचं, तसं नाही : रक्तदाबाच्या किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण ते वाढवतं. तुमच्या गोळ्या चालू असतील तर औषधं देणाऱ्या डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या. रक्त पातळ करणारं औषध असेल, तर त्या रेस्व्हेराट्रॉलच्या गोळ्यांबद्दलही.