मित्राने स्वतः बनवलेल्या बास गिटारवर स्पष्ट मत कसं द्यावं?

तुम्ही लिहिलंय, 'बॉडी सागवानाची आहे, म्हणून आवाज दबलेला येतो असं वाटतं. मित्राला न दुखवता हे कसं सांगू?' सांगूच नका. निदान तारा बदलून, नीट सेटअप (तारांची उंची, मानेचा बाक वगैरेची जुळणी) करून चार मापं घेईपर्यंत तरी नको. सॉलिड (भरीव) बॉडीच्या इलेक्ट्रिक बासमध्ये आवाज का दबला हे शोधताना लाकडाचा नंबर फार खाली लागतो.

अशीच एक हातची बास दुरुस्तीला आली होती. सागवानाची बॉडी, शिसवीचा फिंगरबोर्ड, ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), दोन साधे पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी न लागणारे पिकअप. वाजवणाऱ्यांनी आधीच निकाल देऊन टाकला होता: सूर लागत नाही, आवाज बोथट आहे, सागवानाची बास होतच नाही. बनवणारा बिचारा दुसरी बॉडी कापायला निघाला होता.

सूर आधी तपासला. १२व्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे फिंगरबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) हार्मोनिक, म्हणजे तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळायला हवेत. इथे सगळ्यात जाड ई तार १६ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) चढी, सगळ्यात बारीक जी तार १० सेंट चढी, आणि ब्रिजवरची, तारेची लांबी ठरवणारी चारही सॅडल पार मागे टेकलेली. अशा वेळी एक तर फ्रेट चुकीच्या जागी बसलेत किंवा ब्रिज पुढे बसलाय. पहिलं असेल तर फिंगरबोर्डच बदलावा लागतो, दुसरं असेल तर तासाभराचं काम. स्टीलच्या पट्टीने दर वेळी नटपासूनच (मानेच्या टोकाला तारा जिथे टेकतात ती पट्टी) मोजायचं, फ्रेट ते फ्रेट मोजलं तर चूक साचत जाते. ३४ इंचाला पहिला फ्रेट ४८.५ मिमीवर, पाचवा २१६.६, सातवा २८७.२, बारावा ४३१.८. सगळे जागच्या जागी होते. म्हणजे जे काम सगळ्यात अवघड, ते त्या माणसाने चोख केलं होतं, आणि नेमकं तेच कुणी त्याला सांगितलं नव्हतं. चूक ब्रिजची. सॅडल पूर्ण मागे नेऊनही तारेची लांबी ८६३.६ मिमीपेक्षा (३४ इंच) ३ मिमी कमी पडत होती. खरं तर जी तारेला त्याहून दीड-दोन आणि ई तारेला पाचेक मिमी जास्तच लागतात, कारण जाड तार दाबली की जास्त चढते. एक मिलिमीटर कमी पडला की साधारण २ सेंट चढतात, हिशोब करून बघा. स्क्रूची भोकं कडक लाकडाच्या खुंट्यांनी बुजवून ब्रिज १० मिमी मागे घेतला. जुनी भोकं प्लेटखाली झाकली गेली.

आणि बोथट आवाज? व्हॉल्यूमचा पॉट (बटणाखालचा रोध) २५ के, म्हणजे २५ किलोओमचा होता. तो ॲक्टिव्ह (बॅटरीवरच्या) पिकअपसाठी ठीक, पण पॅसिव्ह पिकअपला २५० के लागतो, नाहीतर आवाजातला तीक्ष्णपणा तिथेच मरतो. पॉट बदलला आणि त्याच सागवानातून टणटणीत आवाज यायला लागला. तरीही 'पण लाकूड...' म्हणणारे म्हणत राहिलेच. त्यांच्यासाठी माझ्याकडे उत्तर नाही, मल्टिमीटर आहे.

आता तुमचा प्रश्न. 'मस्त झालीय' हे मत नव्हे आणि 'मजा नाही आली' हेही नव्हे. तार, फ्रेट आणि माप सांगा. 'आवाज फडफडतो' म्हणण्याऐवजी 'जी तारेवर नववा फ्रेट दाबला की तार दहाव्याला लागते' म्हणा. तीन फ्रेटवर छोटी सरळ पट्टी ठेवा, ती डुलली तर मधला फ्रेट उंच आहे. त्याआधी पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्यावरची फट बघा. ०.३ मिमीच्या आसपास असेल तर ठीक, बरीच कमी-जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेतला, तिचा बाक बदलणारा दांडा) पाव फेरा फिरवून पुन्हा बघायचं. हा सेटअप झाला, यात कारागिराचा दोष नाही. मिरजेत तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तार ब्रिजला हलकेच लागून येणारा झंकार, मुद्दाम काढतात, इथे तसा झंकार नको असतो, एवढंच.

मग दोषांची वाटणी करा: आत्ता सुधारेल ते, आणि पुढच्या बासला लक्षात ठेवायचं ते. तारांना हात लावला की गुणगुण थांबते? मग ब्रिजची अर्थिंग ठीक आहे, वायरिंगच्या आतल्या खाचेला तांब्याची पट्टी लावली की बरंच काम होईल. पट्टा गळ्यात घालून हात सोडले की हेडस्टॉक (ट्यूनर असलेलं टोक) खाली जातं? बऱ्याचदा बॉडीच्या वरच्या शिंगावरचा पट्ट्याचा बटण बाराव्या फ्रेटपर्यंत पोचलेला नसतो. शिंग आता वाढणार नाही, हलके ट्यूनर लावता येतील. उन्हाळ्यात फ्रेटची टोकं बोटाला टोचतायत? फिंगरबोर्ड बहुधा पावसाळ्यात बसवलाय, लाकूड नंतर आक्रसलं. टोकं कानशीने घासली की झालं. आणि जी तारेवर पाचव्या-सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझत असेल तर त्याबद्दल गप्प बसा, कारखान्याच्या महागड्या बासमध्येही ते सापडतं.

हे सगळं सॉलिड बॉडीबद्दल. पोकळ ॲकूस्टिक बास असेल तर लाकूड आणि वरच्या फळीची जाडी, दोन्ही महत्त्वाची, तिथे माझं ऐकू नका. सागवानाबद्दल त्याला काही विचारायचंच असेल तर तीन गोष्टी विचारा: लाकूड किती वाळवलं होतं, बासचं वजन साडेचार किलोच्या वर गेलं का, आणि फळ्या चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसल्या होत्या का. सागवान तेलकट असतं, न पुसता लावलेला सांधा पुढे सुटू शकतो.