अ‍ॅबलोनवर प्रोजेक्ट घेतलायस ना, मग हे आधी बघ

हे बघ, बडोद्यात बसून अ‍ॅबलोन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारी ती खायची समुद्री गोगलगाय, काही दिसणार नाहीये, तेव्हा कॅलिफोर्नियाचा डेटा घे, आणि किती टन पकडले ते नंतर, आधी खडकावर ते किती दाट आहेत ते बघ, कारण नर-मादी अंडी नि शुक्राणू पाण्यातच सोडतात, विरळ झाले की फलनच होत नाही.

नुसत्या साइज लिमिटवर भरवसा नको हं. तिथे रेड अ‍ॅबलोन या जातीला हौशी लोकांसाठी ७ इंचांपेक्षा छोटं घ्यायचं नाही असा नियम होता, तरी त्यांचं खाणं, म्हणजे केल्प (मोठं समुद्री शैवाल) संपलं, उपासमार झाली आणि २०१८ ला पकडणंच सगळं बंद. शिवाय छोटं निघालं की परत ठेवायचं म्हणतात, पण त्याचं रक्त गोठत नाही, खडकावरून काढताना उचकटायची पट्टी लागून पाय (चिकटायचा मांसल भाग) कापला गेला तर बहुतेक मेलंच ते. सर कोटा कोटा (किती पकडायचे त्याची मर्यादा) करतील, करू देत.