कॅल्शियम घालूनही समुद्री अ‍ॅक्वेरियममधल्या कोरलची टोकं पांढरी का पडताहेत?

कॅल्शियमची बाटली तूर्त कपाटात ठेवा. तुम्ही दिलेले आकडे पाहिले: अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट, ज्यातून कोरल सांगाडा बांधतात) 11.5 डीकेएच (तिचं माप), कॅल्शियम 440 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम), नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य. तुमच्या अ‍ॅक्रोपोराला (फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कोरलला) कॅल्शियम कमी पडत नाहीये. अल्कलिनिटी चढी आणि पाण्यात पोषण काहीच नाही, अशा टँकमध्ये टोकं जळणं हे नेहमीचं दुखणं आहे.

समुद्रात अल्कलिनिटी साधारण 7 डीकेएच असते. घरी 7 ते 9 मधला कुठलाही आकडा चालतो, फक्त तो आज एक, उद्या दुसरा असं नको. मी 8 वर ठेवतो. तुमच्याकडे 11.5 आला कुठून? माझा संशय सॉल्टवर, म्हणजे समुद्राचं पाणी बनवायच्या मिठावर. काही सॉल्टचं पाणी मुळातच 11-12 डीकेएचचं होतं. पुढच्या वेळी टँकमध्ये ओतण्याआधी बादलीतलं पाणी तपासा, लगेच उलगडा होईल. आकडा खाली आणायला काही घालू नका. डोसिंग (टँकमध्ये रसायनं घालणं) थांबवलंत की कोरलच अल्कलिनिटी वापरून आकडा खाली आणतील. आणि फिल्टरमधला जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहाचे दाणे) काढा, माशांना थोडं सढळ हाताने खाऊ घाला. नायट्रेट 5 च्या आसपास आणि फॉस्फेट 0.03 ते 0.1 पीपीएम असू द्या. शून्य फॉस्फेट मिरवण्यात काही अर्थ नाही, उलट डायनोफ्लॅजेलेट्सच्या (सूक्ष्म एकपेशी जीवांच्या) तपकिरी शेंबडाला आमंत्रण.

आता रोजचा हिशोब. कोरल सांगाडा बांधताना 1 डीकेएच अल्कलिनिटीमागे जेमतेम 7 पीपीएम कॅल्शियम घेतात. म्हणजे अल्कलिनिटी 9 वरून 7 वर येते तेव्हा 420 चं कॅल्शियम 406 होतं. हा फरक घरगुती टेस्ट किटमध्ये धड दिसतही नाही. म्हणून अल्कलिनिटी तपासा, रोज त्याच वेळी, डोसिंग बंद ठेवून तीन-चार दिवस. दिवसाला किती उतरते ते कळलं, की तेवढीच भरपाई करायची. 100 लिटर पाण्यात 1 डीकेएच वाढवायला साधारण 3 ग्रॅम खायचा सोडा लागतो (बेकिंग पावडर नव्हे!). तो आरओच्या पाण्यात विरघळवून, पंपाच्या धारेजवळ हळूहळू सोडा. एका दिवसात 1 डीकेएचपेक्षा जास्त चढवू नका. कॅल्शियम आठवड्यातून एकदा तपासलं तरी पुरे. मॅग्नेशियम 1250 ते 1350 मध्ये असलं की विसरून जा. ते फार घसरलं तर मात्र कॅल्शियम आणि अल्कलिनिटी हीटरवर, पंपावर पांढरी पुटं होऊन बसतात.

तुम्ही स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरचं पाणी वापरता असं लिहिलंय, ते मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यात बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. आणि हल्लीच्या कॉपरवाल्या मॉडेलचं पाणी तर टँकजवळही आणू नका. तांबं कोरल, कोळंबी, गोगलगाय सगळ्यांनाच विष आहे. वेगळं आरओ-डीआय युनिट (पाण्यातले उरलेसुरले क्षारही काढणारं) घ्या, टीडीएस मीटरवर शून्य दिसायला हवं.

पुढेमागे चुन्याची निवळी टॉप-अपमधून (उडालेल्या पाण्याच्या भरपाईतून) द्यायचा विचार असेल (माझ्या मते छोट्या टँकला सगळ्यात स्वस्त उपाय, शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची, पानाच्या चुन्याची नाही), तर पुण्यातला ऋतू लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये पंख्याखालच्या टँकमधून पाणी भराभर उडतं, तेवढी निवळी आत जाते. जुलैच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावतं, निवळी कमी जाते आणि अल्कलिनिटी गुपचूप घसरते. पावसाळा लागला की पहिले काही दिवस पुन्हा रोज टेस्ट करा आणि कमी पडेल तेवढा सोडा वेगळा द्या.