पगार घटला, पोटगी तीच: अर्ज करायचा की गप्प राहायचं?

"नोकरी गेली. नवीन मिळाली ती कमी पगाराची. पोटगीचा आदेश मात्र जुन्या पगारावरचा आहे. रक्कम कमी करून मिळते का?"

मी समुपदेशक आहे. घटस्फोट झालेले किंवा वेगळे राहणारे पुरुष माझ्याकडे हा प्रश्न घेऊन सतत येतात. कमी करून मिळते, कायद्यात तशी सोय आहे. पण विचारायला येणारा माणूस बहुतेक वेळा उशिरा येतो. काही महिने त्याने आपल्या मनाने अर्धीमुर्धी रक्कम पाठवलेली असते, समोरून वसुलीचा अर्ज दाखल झालेला असतो, वॉरंटच्या भीतीने झोप उडालेली असते. अशाच एका माणसाची गोष्ट सांगते. त्याला निलेश म्हणू या. नाव खरं नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

निलेश चाकणजवळच्या एका वाहनसुट्या भागांच्या कंपनीत होता. हातात 78,000 यायचे. 2022 मध्ये फॅमिली कोर्टाने पत्नीला 9,000 आणि मुलीला 11,000 अशी महिना 20,000 पोटगी ठरवली. तीन वर्षं त्याने एकही महिना चुकवला नव्हता. मग कंपनीने त्याची अख्खी लाइन बंद केली. दोन महिने घरी बसून त्याला कंत्राटी नोकरी मिळाली, हातात 46,000. त्या काळात तो दर महिन्याला 8,000 पाठवू लागला. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ: "सध्या एवढेच, बाकीचं नंतर बघू." पत्नीने एकदाच उत्तर दिलं होतं, तेही शब्दांत नव्हे. शाळेच्या फीच्या पावतीचा फोटो. सात महिन्यांनी वसुलीच्या अर्जाची नोटीस आली.

पहिल्या भेटीत तो तावातावाने बोलत होता. "मॅडम, माझ्याकडे नाहीतच तर देऊ कुठून? कोर्टाला एवढं कळत नाही का?"

"कोर्टाला तुम्ही सांगितलंत का नोकरी गेल्याचं?"

"नाही."

"मुलीच्या आईला?"

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. नोकरी गेल्याचं त्याने स्वतःच्या वडिलांनाही महिनाभर सांगितलं नव्हतं. रोज डबा घेऊन बाहेर पडायचा आणि चिंचवडच्या एका ग्रंथालयात बसून अर्ज भरायचा. ज्या बाईने कोर्टात आपल्याला बेजबाबदार म्हटलं, तिला आता "पगार कमी झाला" हे सांगायचं म्हणजे तिचंच म्हणणं खरं केल्यासारखं होईल, असं त्याला वाटत होतं. हे मी अनेक पुरुषांत पाहते. पोटगीचा आकडा हा त्यांच्या मनात बाप म्हणून मिळालेल्या गुणांसारखा बसलेला असतो. तो कमी करून मागणं त्यांना नापास झाल्यासारखं वाटतं, म्हणून ते मागत नाहीत, गुपचूप कमी पाठवतात. आणि समोरच्या घरात त्या गप्पपणाचा अर्थ "मुद्दाम अडवतोय" एवढाच होतो.

इथे कायदा काय म्हणतो ते नीट सांगायला हवं, कारण यात गैरसमज फार आहेत. कोर्टाचा आदेश बदलेपर्यंत जुनी रक्कम पूर्ण देय असते. पगार कमी झाला म्हणून ती आपोआप कमी होत नाही, आणि नुसता अर्ज केला म्हणूनही थांबत नाही. उरलेली रक्कम थकबाकी म्हणून साठत जाते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 125 आपल्याकडे पोटगीचं कलम म्हणून सगळ्यांना माहीत आहे. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 144 आलं. परिस्थिती बदलली तर रक्कम कमी-जास्त करण्याची तरतूद पूर्वी 127 मध्ये होती, ती आता 146 मध्ये आहे. हिंदू विवाह कायद्याखाली कायमची पोटगी ठरली असेल तर त्याच कायद्याच्या कलम 25 मध्ये बदलाची सोय आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश असेल तर तिथलं कलम 25 लागू होतं. ज्या प्रकरणात आदेश झाला त्याच प्रकरणात बदल मागायचा, आणि दुसरीकडे कुठे पोटगीचा आदेश असेल तर तो लपवायचा नाही.

दुसरा गैरसमज निलेशच्या एका मित्राने त्याच्या डोक्यात घातला होता: "महिनाभर आत जाऊन ये, सगळी थकबाकी फिटते." असं होत नाही. थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, हे खरं. पण कैद हा वसुलीसाठी दबाव आणण्याचा मार्ग आहे, कैद भोगली म्हणून देणं मिटत नाही. कुलदीप कौर विरुद्ध सुरिंदर सिंग या जुन्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे.

वकिलांकडे जाण्याआधी मी त्याला एक काम दिलं: उत्पन्न आणि खर्च कागदावर मांडून आण. रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये पोटगीच्या सगळ्या प्रकरणांसाठी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र दोन्ही बाजूंना सक्तीचं केलं. पगारपत्रक, बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रं, कर्जं, गुंतवणूक, सगळं त्यात येतं. शपथेवर खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा ठरतो. त्यामुळे हा कागद आधी स्वतःशी प्रामाणिकपणे भरणं गरजेचं असतं.

त्याने आणलेला कागद माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. शाळकरी वहीचं दुरेघी पान, मध्ये पट्टीने ओढलेली रेघ. भाडं 12,500. वडिलांची औषधं 3,200. कारचा हप्ता 11,200. विम्याचा हप्ता 4,000. जेवणखाण, पेट्रोल, मोबाइल. आणि शेवटी "इतर: 9,000". इतर म्हणजे काय, ते त्याला सांगता येईना. खाली लाल पेनाने लिहिलं होतं: मुलगी 4,000, आणि पत्नीच्या नावापुढे शून्य.

"शून्य का?"

"ती लॅबमध्ये नोकरी करते. कमावते."

"आदेश झाला तेव्हाही करत होती ना?"

"हो. तेव्हा 14 हजार होते. आताही साधारण तेवढेच."

"मग तिच्या परिस्थितीत बदल काय झाला?"

उत्तर नव्हतं. मुलीचे 11,000 एकदम 4,000 वर कसे आले, यावर मात्र तो तडकला. "मला न विचारता शाळा बदलली तिने! सीबीएसईला घातलं. ते खर्च मी का द्यायचे?"

पोटगी कमी मागणाऱ्या प्रत्येकाशी या ठिकाणी थांबून बोलावं लागतं. त्याच्या त्या पानावर दोन वेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात पडल्या होत्या: एक, त्याला जमत नव्हतं ते, दुसरी, त्याला द्यायचं नव्हतं ते. जमत नसलेल्याला कोर्टात जागा आहे. द्यायचं नसलेल्याला नाही, आणि ते अर्जात मिसळलं की खऱ्या अडचणीवरचाही विश्वास उडतो. शाळेबद्दलचा राग खरा होता, मुलीच्या निर्णयात आपल्याला विचारलं जात नाही ही वेदना तर फारच खरी होती. तिच्यासाठी मुलीच्या ताब्याचा आणि भेटीचा विषय स्वतंत्रपणे मांडता येतो. मुलीच्या पोटाला चिमटा काढून ते भांडण सुटत नाही. पुढच्या दोन भेटी आम्ही जवळजवळ याच रागावर बोललो, पैशांचा विषय बाजूला ठेवून. मला तो वेळ वाया गेला असं मुळीच वाटत नाही.

कारच्या हप्त्याबद्दल त्याच्या वकीलसाहेबांनी त्याला स्पष्ट सांगितलं. आयकर, व्यवसाय कर, सक्तीचा भविष्य निर्वाह निधी या वजावटी कोर्ट मान्य करतं. आपण होऊन घेतलेली कर्जं, जादा गुंतवणूक, गाडीचे हप्ते यांना पोटगीच्या आधी जागा मिळत नाही. नोकरी मुद्दाम सोडली असेल किंवा कमाई लपवली असेल, तर अर्ज टिकणं अवघडच. धडधाकट माणसाची कमावण्याची क्षमता पाहिली जाते. 2015 च्या शमीमा फारुकी प्रकरणात पती लष्करातून निवृत्त झाला म्हणून उच्च न्यायालयाने पोटगी 4,000 वरून 2,000 केली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा 4,000 केली. 2022 च्या अंजू गर्ग प्रकरणातही अंगमेहनत करून का होईना, पत्नी-मुलांना पोसण्याची जबाबदारी पतीची आहे, असं न्यायालयाने बजावलं.

निलेशचं तसं नव्हतं. कंपनीचं कामावरून कमी केल्याचं पत्र, नवीन कंत्राटाची प्रत, दोन्हीकडची पगारपत्रकं, मधल्या महिन्यांत पाठवलेल्या नोकरीच्या अर्जांचे ईमेल, सगळं होतं. बदल खरा होता, मोठा होता आणि त्याच्या हातातला नव्हता. अशा अर्जाला वजन असतं.

"पगाराच्या 25 टक्के हा नियमच आहे ना?" हेही त्याने विचारलं. कल्याण डे चौधरी प्रकरणातल्या 2017 च्या निकालावरून हा आकडा सगळीकडे फिरतो. त्या निकालात 25 टक्के योग्य ठरतील असं म्हटलं आहे, पण तो सगळ्यांना लावायचा पक्का कोष्टक-नियम नाही. त्याच प्रकरणात पतीचं दुसरं लग्न आणि त्यातलं मूल लक्षात घेऊन न्यायालयाने 23,000 ची रक्कम 20,000 केली होती. म्हणजे प्रत्येक घराचा हिशोब वेगळा होतो.

निलेशच्या पत्नीला एकदा भेटावं असं मी सुचवलं. ती तयार झाली, अट एकच: आधी एकटी बोलणार. ती म्हणाली, "त्याची नोकरी गेल्याचं मला माझ्या मावसभावाकडून कळलं, तेही पाच महिन्यांनी. मी फीसाठी दादाकडून पैसे उसने घेतले. एक फोन केला असता तर मी थोडं थांबले नसते का? आणि इकडे कार तशीच दारात उभी."

एकत्र बसल्यावर निलेशने त्या फोनबद्दल माफी मागितली. तिने ती लगेच स्वीकारली असं नाही. पण वहीचं नवीन पान, या वेळी "इतर" नसलेलं, तिने शांतपणे वाचलं आणि स्वतःच्या खर्चाचे आकडेही पुढे ठेवले. मुलीच्या 11,000 ला हात लावायचा नाही, हे तिच्यासाठी पक्कं होतं. निलेशनेही तोवर तेच ठरवलं होतं. स्वतःच्या रकमेत घट व्हायला तिने हरकत घेतली नाही.

पुढचं लवकर झालं. निलेशने कलम 146 खाली अर्ज दाखल केला आणि त्या महिन्यापासून, निकालाची वाट न पाहता, 16,000 बँकेतून पाठवायला लागला. रोखीने एक रुपया दिला नाही. रोखीचा पुरावा राहत नाही आणि पुढे "दिले-नाही दिले" चालू होतं. दोन्ही वकिलांनी तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दिली. पत्नीची पोटगी 9,000 वरून 5,000 झाली, मुलीची 11,000 कायम राहिली. थकबाकी माफ झाली नाही, होणारही नव्हती: सात महिन्यांचे दरमहा 12,000 प्रमाणे 84,000. त्याने कार विकली. कर्ज फेडून हातात 60,000 उरले ते एकरकमी भरले, बाकीच्या 24,000 चे चार हप्ते ठरले आणि वसुलीचा अर्ज मागे घेण्यात आला.

सगळ्यांचं इतकं जुळत नाही. पत्नी बोलायला तयार नसेल तर अर्ज लढवावा लागतो, तारखा पडतात, आणि तोवर जुनी रक्कम डोक्यावर राहते. अशा वेळी अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, सवलत मागावी, आणि जमेल तेवढी मोठी रक्कम दर महिन्याला ठरलेल्या तारखेला जात राहावी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विचारावं. उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्या पुरुषांनाही तिथे मोफत वकील मिळतो, स्त्रियांना आणि मुलांना तर उत्पन्नाची अट नाही.

ज्या बायका हे वाचत असतील त्यांच्यासाठीही एक गोष्ट. तुमच्या हातात कमी रकमेचा अर्ज पडला तर घाबरून कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या तडजोडीवर सही करू नका. शपथपत्र त्यालाही भरावं लागतं, ते मागा, बँकेचे उतारे मागा. मुलाच्या पोटगीवर आईने पाणी सोडलं तरी मुलाचा हक्क संपत नाही. आणि ज्या तरतुदीने रक्कम कमी होते, त्याच तरतुदीने ती वाढवूनही मागता येते.

हे मी निलेशला, त्याने अर्ज करण्याआधीच, सांगून ठेवलं होतं. सध्या त्याचं कंत्राट कायम नोकरीत बदलण्याची बोलणी चालू आहेत. पगार वाढला तर पहिला फोन मुलीच्या आईला करायचा, असं त्याने स्वतःहून ठरवलंय.